लकव्यानंतरचा हात: व्हीआरचा चष्मा की ओसरीतला आरसा?

कापूस वेचणीच्या दिवसांत आईला लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून सुटी झाल्यापासून घरात एकच वाद. दादा म्हणे, नागपूरला नेऊन व्हीआरवर (व्हर्च्युअल रिॲलिटी) व्यायाम करून घेऊ. वहिनी म्हणे, घरीच रोज करून घेतला तर? विदर्भात हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' या संस्थेने केलेल्या अभ्यासात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवाच निघालं होतं. जे वाचतात, त्यांच्या घरी पुढे हाच पेच असतो.

व्हीआर म्हणजे चष्मा चढवून किंवा टीव्हीसमोर बसून खेळायचा खेळ. समोर फळ दिसतं, ते तोडून टोपलीत टाकायचं, गुण लगेच दिसतात. लकव्यात बिघाड हातात नसतो, हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूत असतो. तीच हालचाल शेकडो वेळा केली की मेंदूचा दुसरा भाग ते काम हळूहळू शिकतो. खेळात माणूस कंटाळत नाही, म्हणून हात जास्त वेळा हलतो. व्हीआरची खरी कमाई ती हीच.

पण २०१६ साली चार देशांतल्या १४१ रुग्णांवर झालेली एक चाचणी वाचली आणि माझं मत फिरलं. काहींना व्हिडिओ गेम दिला, काहींना पत्ते, डोमिनो असे साधे खेळ. वेळ दोघांनाही सारखा. हात दोन्हीकडे जवळपास सारखाच सुधारला. पत्ते तर आमच्या पारावर रोज पडतात! २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यातही (यात अनेक चाचण्या एकत्र करून तपासतात) व्यायामाच्या जागी व्हीआर दिल्यावर हाताला जास्त फायदा दिसला नाही, व्यायामाच्या जोडीला जादा दिल्यावर दिसला. २०२५ च्या नव्या आढाव्यात १९० चाचण्या आहेत. त्यात फायदा दिसतो, पण किंचित.

आमच्या गावाहून नागपूर एसटीने अडीच तास. पाऊण तासाच्या खेळासाठी दिवसाचे पाच तास धक्के खायचे, मग आईच्या अंगात हात हलवायला त्राण कुठून उरणार?

म्हणून घरीच ठरलं. दोन हातांमध्ये आरसा उभा करायचा, लुळा हात त्याच्या मागे. चांगला हात आरशात बघत हलवला की मेंदूला दोन्ही हात चालल्यासारखे वाटतात. या आरशामागे ६२ अभ्यासांचा आधार आहे. शिवाय तुरीच्या शेंगा सोलायच्या, जमेल तशा.

मात्र नुसत्या घरच्यांवर सोडू नका. भारतात १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' चाचणीत घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतला, तरी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त गुण आला नाही. आमच्याकडे तालुक्याहून फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून दोनदा येतात, व्यायाम बदलून देतात. पैसे मी तिथेच घालीन.

व्हीआरचं केंद्र रोज जाण्याइतकं जवळ असेल, रुग्णाला आधाराशिवाय बसता येत असेल आणि नेहमीच्या व्यायामाचा वीट आला असेल, तर जरूर जा. फिट येत असतील किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पैसे भरण्याआधी केंद्रात एवढं विचारा: हे व्यायामाच्या जागी, की व्यायामाच्या जोडीला जादा? उत्तर 'जागी' आलं, तर परत या.

आणि कुठेही न्या, लुळ्या हाताला धरून ओढून उठवू नका. खांदा निखळतो.