लंगोट, प्रीफोल्ड, पॉकेट की ऑल-इन-वन? पुण्यात कापडी नॅपी घेताना

कापडी नॅपी विकणारा आधी सांगतो की ती किती तास टिकते. पुण्यात राहणाऱ्याने आधी विचारावं की ती वाळते किती वेळात. एप्रिलमध्ये कोथरूडच्या गच्चीवर चादरसुद्धा बघता बघता वाळते, त्यामुळे तेव्हा कुठलाही प्रकार चालतो. जून ते सप्टेंबर मात्र घरातल्या दोऱ्यांवर रुमालसुद्धा दमट राहतो. बाळ नेमकं त्या काळात दोन-तीन महिन्यांचं असणार असेल, तर खरेदीचं गणित तिथूनच मांडा.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे नाडीचा लंगोट. बाळंतविड्यात तो येतोच, आणि तुळशीबागेच्या आसपास मऊ सुती लंगोट सहज मिळतात. पहिल्या महिन्यात त्याला तोड नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नवजात बाळ दिवसाला दहा-बारा वेळा ओलं करतं, शी पातळ असते, आणि नाळ पडेपर्यंत बेंबीच्या खाली बांधता येईल असंच काहीतरी हवं असतं. ‘जन्मापासून तीन वर्षांपर्यंत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्री-साइझ नॅपीची सगळी टिचबटणं आवळली, तरी तीन किलोच्या बाळाच्या मांडीशी फट राहते आणि तिथूनच गळतं. शिवाय रोजचं मालिश असतंच. तेल नॅपीच्या कापडात मुरलं की ते कापड पाणी शोषेनासं होतं. लंगोट गरम पाण्यात घालून खसखसून धुता येतो, महागडी नॅपी तशी धुता येत नाही. लंगोटाचा तोटा सगळ्यांना माहीत आहे: दर वेळी खालचं दुपटंही बदलावं लागतं, रात्रीसुद्धा. एक सुती लंगोट पंख्याखालीही लवकर वाळतो, पण वीस लंगोट आणि पंधरा दुपटी एकदम वाळत घालायला वन बीएचकेमध्ये दोरी कुठून आणायची?

त्यावरचा तोडगा म्हणजे चौकोनी सुती कापड आणि वरून कव्हर. कव्हर पीयूएलचं असतं, म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला. त्यातून पाणी बाहेर येत नाही, पण थोडी वाफ जाऊ शकते. त्यामुळे जुन्या प्लास्टिकच्या चड्डीसारखी उबट होत नाही. आतलं कापड ओलं झालं की फक्त तेच बदलायचं. कव्हरला शी लागली नसेल तर पुसून पुन्हा दोन-तीनदा वापरता येतं. कापड उलगडलं की एकपदरी होतं, म्हणून भर आषाढातही वाळतं. प्रीफोल्ड हे त्याचंच शिवलेलं रूप: मधला पट्टा जास्त पदरांचा, घड्या घालायची कटकट नाही, पण वाळायला जास्त वेळ. पैसे आणि पाऊस दोन्ही बघितले तर साधं कापड आणि कव्हर ही जोडी पहिली येते. अडचण एकच, घडी शिकावी लागते. आजी ती चटकन शिकतात. बाबा लोक पॉकेट मागतात.

पॉकेट नॅपीत बाहेर पीयूएल, आत अंगाला कोरडं लागणारं कापड आणि मधल्या खिशात घालायचा इन्सर्ट, म्हणजे ओल शोषणारा जाड पट्टा, असतो. रात्री बसून सगळ्या भरून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी कुणीही डायपरसारखी लावू शकतं. पाळणाघर किंवा सांभाळायला येणाऱ्या मावशी असतील तर हीच घ्या. बाहेरचा भाग पंख्याखाली रात्रीत वाळतो, इन्सर्ट वेगळा वाळतो. मात्र ओला इन्सर्ट हाताने ओढून काढावा लागतो, हे कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. आणि आतून कोरडं लागतं म्हणून बदलायचं लांबवू नका, दिवसा दोन-तीन तासांनी बदलाच.

ऑल-इन-वनमध्ये सगळं एकत्र शिवलेलं असतं. लावायला सर्वांत सोपी, वाळायला सर्वांत हट्टी. वरून कोरडी वाटते आणि आतल्या पदरांत ओल राहते, मग कुबट वास सुटतो. ड्रायर किंवा दिवसभर ऊन येणारी बाल्कनी नसेल तर पुण्याच्या पावसाळ्यासाठी मी ती सुचवणार नाही. इन्सर्ट टिचबटणांनी वेगळा होणारा ऑल-इन-टू हा प्रकार तुलनेने बरा. फिटेड नॅपी, म्हणजे डायपरच्या आकारात शिवलेली नुसत्या कापडाची नॅपी, सगळीकडून शोषते, पण तिला वरून कव्हर लागतं आणि ती वाळतेही सावकाश. रात्रीपुरत्या दोन-तीन असू द्या.

इन्सर्ट कशाचा आहे हेही तितकंच बघा. मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचा इन्सर्ट, झटकन शोषतो आणि झटकन वाळतो, पण बाळ बसलं की दाबाने पाणी सोडतो. तो थेट त्वचेला लावू नये. बांबू जास्त धरून ठेवतो आणि सावकाश वाळतो. हेंप, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा, शोषायला संथ, पण सर्वांत जास्त साठवतो. सुती इन्सर्ट या सगळ्यांच्या मध्ये. सुती आणि हेंप नवीन असताना नीट शोषत नाहीत, चार-पाच धुण्यांनंतर खरे कामाला लागतात. पहिल्याच दिवशी गळली म्हणून नॅपीला नावं ठेवू नका.

धुताना आधी शी संडासात टाका, मग गार पाण्यात खळबळून मशीनला लावा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसतो. कव्हरवर ब्रश, धोपटणं आणि इस्त्री नको, हे धुण्याच्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा. वाघोलीसारख्या भागात टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही आणि कापड कडक होतं; तिथे थोडी जास्त पावडर आणि एक जादा खळबळणं लागेल.

डायपरशी तुलना निघतेच. पुण्यात वापरलेलं डायपर कागदात गुंडाळून, लाल ठिपका काढून वेगळं द्यावं, अशी ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांची मागणी आहे, कारण नाहीतर ते त्यांना हातांनी निवडावं लागतं. प्रवासाला किंवा दवाखान्यात डायपर वापरलंत तर एवढं तरी करा. इंग्लंड आणि वेल्सच्या पर्यावरण यंत्रणेने २००८ साली केलेल्या अभ्यासात कापडी नॅपीचा फायदा धुण्यावर अवलंबून दिसला: मशीन पूर्ण भरून लावली, दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या बाळालाही त्याच वापरल्या तर हवामानावरचा परिणाम बराच घटतो. दोरी आपल्याकडे आहेच.

सुरुवातीला वीस-पंचवीस लंगोट, पुढे दोन डझन चौकोनी कापडं, पाच-सहा कव्हर आणि बाहेर जाण्यासाठी तीन-चार पॉकेट एवढ्यात बहुतेक घरांचं भागतं. मोठा सेट घेण्याआधी प्रत्येक प्रकारातली एकेक आणून बाळाच्या मांडीशी कशी बसते ते बघा. बहिणीकडच्या किंवा मैत्रिणीकडच्या वापरलेल्या मिळत असतील तर लाजू नका. फक्त इलॅस्टिक ताणून बघा आणि कव्हर उलटं करून आतला चकचकीत थर सुटायला लागलाय का ते तपासा. इलॅस्टिक शिंपी बदलून देतो, थर सुटला तर त्याला इलाज नाही.