'हीरो' की 'फ्युरी रोड' : घरी माणसं जमवून कुठला बघावा?

दिसायला देखणा आणि मारामारीही दमदार, असा एखादा सिनेमा सांग म्हटलं की माझ्या तोंडी दोनच नावं येतात. झांग यिमूचा तलवारबाजीचा 'हीरो' (२००२) आणि जॉर्ज मिलरचा वाळवंटात गाड्या पळवणारा 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५). कथा तुम्हाला साधारण ठाऊक असेल. नसली तरी दोन्हींची दोन वाक्यांत मावते, म्हणून ती सोडून देतो. प्रश्न एवढाच, की सुट्टीच्या दिवशी घरच्या टीव्हीपुढे माणसं जमवली तर लावायचा कुठला.

नुसत्या देखणेपणावर निकाल द्यायचा तर 'हीरो' पुढे आहे, हे आधीच कबूल. एकच हकीगत वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली जाते आणि दर वेळी अंगावरच्या कपड्यांपासून सगळा रंग बदलतो. आधी लाल, मग निळा, मग पांढरा, मधेच हिरवा. शालू दाखवणारा दुकानदार एक घडी मिटतो आणि दुसरी उलगडतो, तसं. कपडे एमी वाडाचे, कॅमेरा ख्रिस्तोफर डॉयलचा. सोलापूरसारख्या सूत रंगवणाऱ्या गावात हे फुकट जात नाही. आमच्याकडे बघायला बसलेल्यांत पूर्व भागातले एक काका होते, सगळं आयुष्य लूमवर गेलेले. तलवारी चालू होत्या आणि ते झग्यांकडे बघत होते. म्हणाले, "हा सगळा एका लॉटचा लाल नाही हां." म्हणजे एकाच वेळी रंगवलेला नव्हे. मी पॉज करून पाहिलं. मला तर सगळा सारखाच दिसला, पण त्यांच्या नजरेशी वाद घालायची माझी टाप नाही.

पिवळ्या पानांच्या रानातली दोन बायकांची झुंज तर नुसती बघत राहावी. मॅगी चंग आणि झांग झियी, दोघी लाल कपड्यांत, भोवती पानांचा पाऊस. त्या पानांचीसुद्धा प्रतवारी लावली होती म्हणे. उत्तम पानं चेहऱ्यापुढे, त्याखालची कपड्यांवर, उरलेली जमिनीवर. झुंज संपते तेव्हा सगळं रान पिवळ्याचं लाल होतं.

आता माझं दुखणं. सिनेमा चिनी आहे, त्यामुळे खाली सबटायटल्स. आणि 'हीरो'मध्ये माणसं बोलतात भरपूर. राजासमोर बसून नायक अख्खी हकीगत सांगतो, मग राजा त्याची खोडून आपली सांगतो. म्हणजे डोळे सतत पडद्याच्या तळाशी. वर डॉयलने जीव ओतून काहीतरी रंगवलंय आणि आपण खाली ओळी वाचतोय. लाल-निळ्या भागात हे कसंबसं निभतं. पांढरा भाग आला की पांढरे कपडे, फिकट वाळवंट, आणि त्यावर सबटायटल्सही पांढरी! अक्षरं वाळूत मुरून जातात. आमच्यातला एक जण शेवटी वैतागला, "काय बे, वाचू का बघू?" कुणी म्हणेल, सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं पिवळी करा. केली. मग ती पिवळ्या पानांत हरवली. अक्षरांमागे काळी पट्टी लावली, तर ती नेमकी चित्राचा खालचा भाग खाते. इतक्या सुंदर सिनेमाला ही अशी शिक्षा का, कळत नाही. पण माझा निकाल इथेच फिरला.

'फ्युरी रोड'मध्ये नेमकं उलटं आहे. मिलर आणि त्याचा छायाचित्रकार जॉन सील यांनी जे बघायचं ते बहुतेक वेळा चौकटीच्या मधोमध ठेवलंय. सिनेमात सुमारे २७०० कट आहेत, म्हणजे डोळा मिटायच्या आत दृश्य बदलतं, तरी नजर शोधाशोध करत नाही. जिथे आहे तिथेच पुढची गोष्ट येऊन उभी राहते. ही संकलक मार्गारेट सिक्सेलची करामत. त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं, आणि ते सिनेमाच्या एकूण सहांपैकी एक. आजकालच्या ॲक्शनमध्ये कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही, ही माझी जुनी तक्रार. इथे धुळीच्या लोटात, डझनभर गाड्या धावत असतानाही कळतं. बांबूसारख्या उंच दांड्यांवर झुलत एका गाडीवरून दुसरीवर येणारी माणसं आठवतात ना? तिथे खरोखरची माणसं खऱ्या धावत्या गाड्यांवर झुलली आहेत. कॉम्प्युटर आहेच, वादळात तर भरपूर आहे. पण गाडी उलटते तेव्हा वजन जाणवतं.

बोलणं जेमतेम. हे आमच्याकडे फार महत्त्वाचं. सोलापुरातल्या एका खोलीत दहा माणसं बसली की मराठी, तेलुगू, कन्नड आणि आमची ती खास हिंदी, सगळं एकदम चालू असतं. इंग्रजी ओळी सगळ्यांनाच त्या वेगाने वाचता येतील असं नाही. 'फ्युरी रोड'ला कुणी काही विचारलंच नाही. लूमवाले काकासुद्धा गाण्याच्या गाडीवर आग ओकणारा गिटारवाला आला तेव्हा मांडी बदलून पुढे सरकले.

दोष नाहीत असं नाही. दोन तास उसंत मिळत नाही, आणि रंगही मुख्यतः दोनच, दिवसा भगवी वाळू आणि रात्री निळा अंधार. ती रात्रही भर दिवसा चित्रित करून नंतर निळी केली आहे, ज्याची त्याची आवड. नामिबियाचं ते वाळवंट मे महिन्यात आपल्या गावात बसून बघितलं तर घसा कोरडा पडतो, कूलर असला तरी. शिवाय रक्त आहे, बायकांना कोंडून ठेवणारा क्रूर म्हातारा आहे. लहान मुलं असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. त्या बाबतीत 'हीरो' सोज्वळ. त्याचा शेवट मात्र मला अजून पचलेला नाही. साम्राज्य एक व्हावं म्हणून माणसाने स्वतःला संपवावं, हे सिनेमा इतक्या सुरेख चित्रांत पटवतो की थोडी भीतीच वाटते. पण तो वाद चहावर घालायचा, आणि वाद घालायला लावणारा सिनेमा वाईट कसा म्हणणार?

तेव्हा रात्री एकटेच असाल, पडदा मोठा असेल आणि एखादं दृश्य मागे नेऊन पुन्हा बघायची तयारी असेल, तर 'हीरो' लावा, मी अडवणार नाही. घर माणसांनी भरलेलं असेल आणि मलाच विचारत असाल, तर 'फ्युरी रोड'. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, कारण आवाज कमी ठेवून तो बघण्यात अर्थ नाही. आणि टीव्हीतलं ते चित्र गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर सगळ्या गाड्या मालिकेतल्यासारख्या दिसतात.