धूर मोजायचा मीटर, चार वणव्यांवर वापरून झाल्यावर

मीटर घेऊन तीन महिने झाले, चार वणव्यांवर नेला, म्हणून आता लिहितोय. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, फेब्रुवारी लागला की पुण्याच्या आजूबाजूच्या टेकड्यांवरचं गवत कडकडीत वाळतं, कुणीतरी काडी टाकतं, आणि फॉरेस्टवाल्यांचा फोन आला की आम्ही ब्लोअर, पाणी घेऊन पळतो, ओल्या फांद्या तिथेच तोडायच्या आणि झोडपायला लागायचं. इतकी वर्षं नाकाला ओला रुमाल बांधून जायचो. गेल्या वर्षी कात्रजच्या बाजूला आमच्यातला एक पोरगा उतारावर मटकन बसला, डोकं गरगरतंय म्हणाला, उलटी झाली, आम्हाला वाटलं ऊन लागलं. डॉक्टर म्हणाले धुरातला कार्बन मोनॉक्साईडही असू शकतो. तेव्हापासून हे डोक्यात होतं.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून घेतला, साडेआठ हजार. हातात मावतो, छातीला क्लिप करता येतो. आत दोन सेन्सर, एक लेझरचा, पीएम २.५ म्हणजे बारीक कण मोजणारा, दुसरा सीओचा, म्हणजे त्याच कार्बन मोनॉक्साईडचा.

सीओचा सेन्सर हेच याचं खरं काम, बाकी नसतं तरी मी घेतला असता. या गॅसला वासच नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे कळेपर्यंत पाय लटपटायला लागलेले असतात. मीटर ३५ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग सीओ) बीप करतो आणि २०० ला थांबतच नाही. आणि मला वाटलं होतं ज्वाळांपाशी ओरडेल, तर तसं नाही झालं! बाणेरच्या टेकडीवर आग विझली, सगळे रिलॅक्स, मास्क काढले, एका धुमसत्या बुंध्याशेजारी बसून पाणी पीत होतो आणि हा तिथे ओरडायला लागला. ज्वाळेपेक्षा धुमसणाऱ्या लाकडातून सीओ जास्त निघतो, वाचलं होतं, पण तिथे बसून आकडा ८० च्या वर चढताना पाहिला तेव्हा कळलं. गेल्या वर्षीचा तो पोरगाही शेवटी बुंधेच विझवत होता.

पीएमचा आकडा मात्र जपून घ्या. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, आणि असल्या स्वस्त लेझर सेन्सरचं खात्रीचं मोजमाप साधारण ५०० पर्यंतच, दाट धुरात आमचा सरळ ९९९ वर जाऊन अडकला. दमट हवेत उगाच जास्त दाखवतो. तरी पहाटे उपयोग होतो, गार हवा दरीत साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर वर न जाता खालीच पसरतो, तेव्हा पोरांना दम खायला कुठे बसवायचं ते आकडा बघून ठरवतो. आणि एन९५ मास्क कण अडवतो, सीओ नाही, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला दहादा सांगा.

दुकानदाराने सेन्सर चेक करून दिला नाही, बॉक्स पॅक म्हणजे ओके एवढंच. ओळखीच्या एकाच्या कंपनीत टेस्ट गॅस (सीओचं प्रमाण आधीच माहीत असलेला) होता तिथे नेला, ५० पीपीएमला ४६ दाखवले. मला चालतं, पण ही टेस्ट केल्याशिवाय डोंगरावर नेऊ नका, आणि सीओचा सेन्सर दोन-तीन वर्षांत उतरतो ते धरून चला.

हा मीटर तुम्ही उभे आहात तिथलंच सांगतो, धुराचा अख्खा लोट काय करतोय ते नाही. अमेरिकेत २०१८ च्या ‘कार फायर’ नावाच्या वणव्यात आगीचं वावटळ उठलं, त्यात फायरमनचा जीव गेला, ते फिरणं हवामानाच्या रडारवर दिसलं होतं, तिकडे सॅन होजेच्या युनिव्हर्सिटीचे लोक ट्रकवर लिडार, म्हणजे लेझरने लांबूनच मोजणारं यंत्र, लावून लोटातला वारा मोजतात. आमच्याकडे ते नाही, म्हणून एक माणूस समोरच्या टेकडीवर उभा करतो, लोट सरळ चढतोय का कलला, कुठल्या बाजूला कलला, अचानक दिशा बदलली का, एवढंच तो फोनवर सांगत राहतो. आग चढाला धावते, त्यामुळे लोट चढाकडे झोपला की वरच्यांनी आधी बाजूला सरकायचं, मीटर शांत असला तरी.

२०२२ मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आग विझवण्याचं कामच कॅन्सर करणाऱ्या गटात, पहिल्या गटात टाकलंय. आम्ही हौशी म्हणून यातून सुटत नाही, फुप्फुसं तीच आहेत.

पुढच्या सीझनच्या आधी वर्गणी काढून दुसरा घेतोय. एक पुढे झोडपणाऱ्याच्या छातीला, आणि एक बुंधे विझवायला मागे थांबणाऱ्याच्या.