ओट्याची उंची विचारणारी फिजिओ

आधीच सांगून टाकते, माझ्या कंबरदुखीवर इलाज करणाऱ्या या फिजिओ डॉक्टर आता आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडून डबा नेतात. म्हणून दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कौतुक केलं तर तुम्ही म्हणाल गिऱ्हाइकाचं कौतुक, आणि तक्रार केली तर डबा बंद व्हायचा. ठाण्यात नौपाड्यात, राम मारुती रोडवरून आत वळलं की जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. एवढं पुरे.

मी चरईत पोळीभाजी केंद्र चालवते. वय ४९. सकाळी सहापासून ओट्यापाशी उभी. रोज अडीचशेच्या आसपास पोळ्या होतात, त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या. मे महिन्यात पिठाचं ३० किलोचं पोतं उचलताना कमरेत कट्‌कन काहीतरी झालं. दोन दिवस शेकलं, बाम चोळला. तिसऱ्या दिवशी कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरली. शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे. तव्यावर पोळी टाकून मी भिंत धरून उभी राहायचे, आणि मदतीला येणारी बाई पोळी उलटायची.

आधी दुसरीकडे गेले होते. तिथे १५ सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. एमआरआयचा रिपोर्ट वरवर बघितला, पालथं झोपवलं, करंटच्या चकत्या चिकटवल्या आणि पडदा ओढला. टायमर वाजला की उठायचं. मग कमरेला पट्टे बांधून ताणायचं मशीन. आठ सिटिंग झाल्या, पण मला कुणी एकदा ‘जरा वाकून दाखवा’ म्हटलं असेल तर शपथ. उरलेल्या सातचे पैसे गेले ते गेलेच. कमरेचा पट्टा मात्र विकत घ्यायला लावला, तो सध्या गॅस सिलिंडरमागे लोंबतोय.

त्यामुळे जुलैत इथे आले तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते. पहिल्या दिवशी ५० मिनिटं लागली आणि मशीन एकही लावलं नाही. घरी येऊन लेकीला म्हटलं, ८०० रुपये घेतले आणि नुसत्या गप्पा मारल्या बाईंनी.

पण त्या गप्पा कशा होत्या ते सांगते. कळ नेमकी कुठून कुठे जाते, ते बोटाने दाखवा. बसल्यावर जास्त की चालल्यावर? पहाटे जाग येते का? मग एकदम, लघवीवर ताबा आहे ना, शौचाच्या जागी, जांघेत बधिर वाटतं का, ताप, वजन उतरलंय का, कधी कॅन्सर झाला होता का. मी जरा अवघडलेच. त्या म्हणाल्या, “काकू, लाजू नका. लघवी अडली किंवा तिथे बधिर झालं, तर माझ्याकडे यायचंच नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.” इतक्या दिवसांत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग वाकायला लावलं. हात जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचले. चवड्यांवर चालवलं, टाचांवर चालवलं. पायाचा अंगठा वर ओढायला सांगून स्वतः खाली दाबला. तो जोर दोन्हीकडे सारखा निघाला, हे महत्त्वाचं, असं त्या म्हणाल्या. रबरी हातोडीने गुडघ्यावर, घोट्यामागे टकटक. कापूस फिरवला तर डाव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगाला कमी कळत होता. उताणं झोपवून डावा पाय सरळ ठेवून उचलला, तर अर्ध्यातच वीज चमकली. उजवा मात्र खुशाल वर गेला. प्रत्येक गोष्ट त्या वहीत लिहीत होत्या, आकड्यांसकट.

शेवटी पालथं झोपवलं. आधी नुसतं पडून राहायचं, मग कोपरांवर छाती उचलायची, मग तळव्यांवर, भुजंगासनासारखी. दहा वेळा. सहाव्या-सातव्या वेळी कंबर जास्त दुखायला लागली, मी ओरडले. त्यांनी विचारलं, “आणि पोटरी?” पोटरीत काही नव्हतं! कळ मांडीपर्यंत सरकली होती. त्या हसल्या, “वर सरकतेय ना, मग चाललंय ते बरं. कंबर दुखली तर चालेल, खाली उतरली तर मला सांगायचं.” या पद्धतीला न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओचं नाव आहे. १९५६ साली त्यांच्याकडचा एक पेशंट चुकून डोक्याकडून वर उचललेल्या पलंगावर पालथा झोपला, आणि पायाची कळ गेली म्हणाला. तिथून त्यांनी पुढे शोध घेतला. सगळ्यांना हाच व्यायाम नसतो, काहींना उलटा, वाकायचा लागतो. ते तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच ती ५० मिनिटं.

रिपोर्टमध्ये एल४-एल५ला डिस्क बल्ज लिहिलं होतं, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली. मी ते वाचून आठवडाभर रडले होते. डॉक्टरांनी फिल्म नीट बघितली आणि सांगितलं, की कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या शंभर माणसांचे एमआरआय काढले तर साठेक जणांत बल्ज दिसतो. लेकीने शोधलं तर खरंच २०१५ सालचा अभ्यास सापडला, तीन हजारांवर लोकांचा. म्हणजे केस पांढरे होतात तसंच की हे! तिनेच जागतिक आरोग्य संघटनेची डिसेंबर २०२३ची मार्गदर्शक सूचनाही वाचून दाखवली, की जुनाट कंबरदुखीत ट्रॅक्शन (तेच ताणायचं मशीन), अल्ट्रासाऊंडचे उपचार, पट्टा सरसकट वापरू नका. माझं दुखणं तेव्हा दोनच महिन्यांचं होतं, तरी सिलिंडरमागच्या पट्ट्याकडे बघून मला हसू आलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, “ओटा किती उंच आहे?” आजवर डॉक्टर लोकांनी शुगर विचारली, बीपी विचारलं, ओटा कुणी विचारला नव्हता. घरी मोजला तर २९ इंच. सासूबाईंनी बांधून घेतलेला, त्या पावणेपाच फूट, मी पाच फूट सहा. वीस वर्षं मी त्यांच्या उंचीला वाकून पोळ्या लाटल्या! (सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, वाकायची सवय चांगली.) आता पोळपाटाखाली जाड लाकडी पाट पालथा घालते, चार इंच वर येतो. एक पाय खाली छोट्या स्टुलावर, दर पंचवीस पोळ्यांनी पाय बदल. पीठ गिरणीवाला दहा-दहा किलोच्या डब्यांत आणून देतो.

पाच आठवड्यांत सहा वेळा गेले. तिसऱ्या आठवड्यात पायातली कळ गेली. मग गणपतीत उकडीच्या मोदकांची ३००ची ऑर्डर घेतली, चार दिवस व्यायामाला सुट्टी दिली, आणि विसर्जनाच्या आत कळ पुन्हा मांडीत हजर. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, “मोदक बसून वळले की उभ्याने?” बसून. तासन्‌तास, पुढे वाकून. दर अर्ध्या तासाने उठून कमरेवर हात ठेवून मागे वाकायचं ठरलं, आठ दिवसांत बरं वाटलं. पोटरीची बाहेरची बाजू अजून थोडी बधिर आहे. तिथली संवेदना हळूहळू परत येईल म्हणतात, बघू.

आता तक्रारी. लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बंद, आणि कंबरेच्या पेशंटने तीन जिने चढायचे! संध्याकाळी सातनंतर जाऊ नका, पाऊण तास बसवतात, आणि त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून धडधाकट माणूसही पेशंट होईल. व्यायामाचा कागद इंग्रजीत देतात. नौपाड्यात! मी बोलले तेव्हा “हो काकू, करायचंय” म्हणाल्या, अजून केलेला नाही. शिवाय गर्दी असली की व्यायाम त्यांची असिस्टंट करून घेते. पोरगी गोड आहे, पण तिचं लक्ष अर्धं मोबाइलमध्ये.

पहिल्या तपासणीचे ८००, पुढे दर वेळी ६००, पॅकेज नाही. सकाळी अकराची वेळ मागा, तेव्हा घाई नसते. जुने रिपोर्ट न्या आणि सैल कपडे घालून जा, मी साडीत गेले होते, पाय उचलताना पंचाईत झाली. आणि निघण्याआधी फोन करून लिफ्ट चालू आहे का ते विचारा.