दिमना की रनार?

जळगावच्या आमच्या वाचनगटापुढे दोन पर्याय आहेत: आठव्या शतकातलं अरबी ‘कलीला व दिमना’ आणि बाराव्या शतकापासूनच्या रनार खोकडाच्या फ्रेंच कथा. दोन्हीकडे राजा सिंह, दोन्हीकडे लबाडावर खटला.

माझं मत दिमनाला. ‘कलीला व दिमना’ हे पंचतंत्राचंच अरबी रूप आणि दिमना म्हणजे त्यातला दमनक कोल्हा. पंचतंत्रात दमनक सिंहाचे कान भरतो, हलक्या कानाचा राजा आपल्याच मित्राला, बैलाला, मारतो आणि कोल्हा मंत्रिपदावर राहतो. अरबी ग्रंथात मात्र पुढे नवं प्रकरण येतं. सिंहाला पश्चात्ताप होतो, दिमनाची चौकशी होते, साक्षी निघतात, शिक्षाही होते. सत्तेला जाब विचारणारं हे प्रकरण मला फार मोलाचं वाटतं.

रनार फाशीच्या तोंडून तीर्थयात्रेचं निमित्त करून सुटतो. चुरचुरीत आहे, पण राजा शेवटपर्यंत फसतच राहतो.