सीजे-३बी: जुना पत्रा सांधायचा की तयार बॉडी बसवायची?

जुनी जीप घेणारा माणूस आधी इंजिनाचा आवाज ऐकतो, मग गिअर टाकून बघतो आणि पत्र्यावर फार तर एक टिचकी मारतो. पुढे डोकेदुखी होते ती मात्र पत्र्याचीच. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस यांचं सामान भंगार बाजारात आजही सापडतं आणि त्यातले जाणकारही आहेत. कुजलेल्या बॉडीपाशी येऊन लोक अडकतात. रस्ते दोन: आहे तोच पत्रा कापून-जोडून उभा करायचा, नाहीतर चासीवरून जुनी बॉडी उतरवून तयार नवी बसवायची. मी पहिला रस्ता धरला, माझ्या मावसभावाने साधारण त्याच सुमारास दुसरा. दोन्ही गाड्या सीजे-३बी, म्हणजे विलीजच्या नमुन्याची, महिंद्राने आपल्याकडे बनवलेली उंच बॉनेटची उघडी जीप. दोन्ही मी भरपूर चालवल्या आहेत. यंत्राने मोजलेलं यात काही नाही. बुडाला आणि गुडघ्याला जे कळलं ते लिहितोय.

दोन्हीकडे लागू होणारी एक गोष्ट आधी सांगतो. बंद गाडीत छत आणि खांब मिळून सांगाडा धरून ठेवतात. ३बीला छत नाही, खांब नाही, दारं नाहीत. पुढे काउल (बॉनेटमागचा, काच आणि डॅशबोर्ड धरणारा पत्रा), मागे हौदा (सीटमागची उघडी मोकळी जागा), आणि या दोघांना बांधणारा तळाचा पत्रा नि दाराच्या कापाखालची वीतभर पट्टी. त्यामुळे तळ गेला की प्रश्न नुसत्या भोकांचा राहत नाही, पुढची नि मागची बाजू एकमेकींपासून सुटी वागायला लागते. काचेची चौकट धरून पुढेमागे हलवा. काउलही सोबत डोललं, तर तळाला खालून आधार देणारे चॅनेल संपले असं समजायला हरकत नाही.

कुजण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ड्रायव्हरच्या सीटखाली डिझेलची किंवा पेट्रोलची टाकी ज्या खोलगट भागात बसते तो भाग, डाव्या सीटखालचा हत्यारांचा कप्पा, आणि तळाला खालून डकवलेले ते टोपीच्या आकाराचे आडवे चॅनेल. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी या लष्करी जीपमध्ये तर या चॅनेलात लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असत. त्या पाणी धरून ठेवत आणि पत्रा आतून खात. आपल्याकडच्या गाड्यांत लाकडाची जागा चिखल घेतो, परिणाम तोच. वरून रंग चकचकीत आणि खालून पेचकस आरपार.

दुरुस्तीचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण ठरवण्याआधी ते माहीत असलेलं बरं. तळ कापण्याआधी दाराच्या दोन्ही कापांत लोखंडी अँगल आडवा टॅक करून, म्हणजे एक-दोन छोट्या टाक्यांनी तात्पुरता जोडून घ्यायचा. तो न लावता तळ काढला तर बॉडी उघडते, आणि एकदा उघडली की परत मापात येत नाही. मग जुनी ठिगळं काढायची. इथे खरा वेळ जातो. ज्या काळात ही गाडी गावोगावच्या गॅरेजांत दुरुस्त होत होती, तेव्हा ठिगळं गॅसवर पितळ वितळवून डकवत. त्या पितळावर आजचं सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत केलेलं विजेचं वेल्डिंग) धरत नाही, टाक्यात बुडबुडे येतात. म्हणजे पितळ जिथवर पसरलंय तिथवरचा पत्रा घासून काढा, नाहीतर सरळ कापून टाका. आमचे मिस्त्री जुन्या वळणाचे. एका कोपऱ्यापाशी हातोडी खाली ठेवून म्हणाले, “दादा, पत्रा राहिलाय कुठं? वाऱ्याला टाका घालू का?” तो कोपरा पूर्ण नव्याने घडवावा लागला.

गॅस की सीओटू, यावर गॅरेजात चहासोबत वाद होतात. गॅसचा टाका मऊ असतो, मागून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने पुन्हा सरळ करता येतो. पण उष्णता फार पसरते आणि सपाट पत्रा लाटा मारतो. सीओटूचा टाका कडक, तो ठोकता येत नाही, ग्राइंडरनेच उतरवावा लागतो. आम्ही तळाला सीओटू वापरलं आणि जिथे नजर पडते तिथे, म्हणजे हौद्याच्या वरच्या कडेला नि दाराच्या गोलाईला, गॅस. दुसरा कोणी उलट सांगेल आणि त्याचंही काम छान झालेलं असेल.

या रस्त्याची वाईट बाजू एका वाक्यात सांगता येते: शेवट दिसत नाही. दर कोणी ठामपणे सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही माहीत नसतो. घासत जावं तसा पत्रा आणखी पातळ निघतो. घरचे “झाली का गाडी?” विचारणं सोडून देतात, ते जास्त लागतं. शिवाय फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि पाय यांच्यामधल्या पत्र्यावर, आधीच्या मालकांनी पाडलेली भोकं असतात: हॉर्नचं, कुठल्यातरी पंख्याचं, डिझेल इंजिन बसवताना सरकवलेल्या नळ्यांचं. ती एकेक बुजवत बसावं लागतं.

आता तयार बॉडी. हरियाणातल्या मंडी डबवालीचं नाव उघड्या जीपच्या संदर्भात देशभर घेतलं जातं, आणि महाराष्ट्रातही बॉडी घडवून देणारे आहेत. माल लाल रेडऑक्साइड मारून ट्रान्सपोर्टने येतो. दर आधीच ठरलेला असतो. जुनी बॉडी उतरवायला चार-सहा माणसं आणि गंजलेल्या बोल्टांसाठी एक कटर पुरतो. हाताशी चांगला फिटर असेल तर जीप लवकर पायावर उभी राहते. भावाची अशीच राहिली. माझ्या गाडीच्या तळाला अजून रंगही नव्हता, तेव्हा तो सिंहगडाच्या पायथ्याला भजी खात होता.

आणि खरं सांगतो, फोटोत त्याचीच गाडी जास्त देखणी दिसते. बगला सरळसोट, कुठे लाट नाही, कुठे लांबी (पुट्टी) भरलेली नाही. माझ्या हौद्याच्या डाव्या बगलेवर तिरप्या उन्हात अजून एक हलकी लाट दिसते. मला ती खुपत नाही, पण दिसते.

जाडीचं लोक फार कौतुक करतात. मूळ पत्रा साधारण १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरच्या आसपास. तयार बॉडी पुष्कळदा १६ गेजची, सुमारे १.६ मिलिमीटरची असते. ऐकायला दणकट वाटतं, पण वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, आणि जाडी हा कडकपणाचा एकच भाग झाला. मूळ तळात साच्यात दाबून उठवलेल्या पन्हाळी आहेत, त्या पातळ पत्र्यालाही ताठ ठेवतात. वाकवून-जोडून केलेल्या तळात पन्हाळी कमी किंवा उथळ असल्या, तर जाड पत्राही एका ठराविक वेगाला घुमायला लागतो. भावाची गाडी तिसऱ्या गिअरला घुमते. आम्ही खालून डांबरी शीट चिकटवली, घुमणं बरंचसं कमी झालं. ही अडचण मी फार मोठी धरणार नाही.

ज्या अडचणीने माझा कौल ठरवला ती दिसायला अगदीच किरकोळ आहे. काचेच्या चौकटीखालून येणारा पाण्याचा थेंब.

३बीची काच काउलच्या दोन टोकांच्या बिजागऱ्यांवर उभी असते आणि पुढे बॉनेटवर आडवी पाडता येते. चौकटीखाली रबराची पट्टी, आतून दोन कड्या. ही सगळी रचना काउलचा वरचा काठ सरळ आहे, या एका भरवशावर चालते. कारखान्यातलं काउल साच्यात दाबलेलं. तयार बॉडीचं काउल वाकवून, कोपरे जोडून केलेलं, आणि वेल्डिंग थंड होताना पत्र्याला ओढतं. भावाच्या गाडीत मधल्या भागात काठ किंचित खाली बसलाय. बोट फिरवलं तर कळत नाही, पट्टी ठेवली तर उजेड दिसतो.

कोरड्या दिवसांत याचा पत्ताही लागत नाही. जुलैत ताम्हिणी घाटात शिरलो आणि थेंब सुरू झाला. नेमका उजव्या गुडघ्यावर, ॲक्सिलरेटरच्या पायावर. वरून कापडी हूड होतं, बाजूला पडदे होते, समोरून वायपर चालत होता, आणि तरी मुळशीपासून कोलाडच्या बाजूला उतरेपर्यंत एकाच जागी टप, टप. पावसात भिजण्याचं मला वावडं नाही. उघडी जीप घेणाऱ्याला असूही नये. पण एकाच गुडघ्यावर पडणारा थेंब माणसाला वेडा करतो.

त्यानंतर आम्ही बरेच उपाय केले. जाड रबर घातलं, तर कड्या बसेनात. ओढून बसवल्या, तर चौकटीला पीळ पडून काचेला भीती. दोन रबरं एकावर एक लावली, तर पाणी मधून कडेला सरकलं आणि डाव्या माणसाच्या मांडीवर पडू लागलं. सिलिकॉन भरला, थेंब थांबला. पण मग काच पाडता येत नाही, आणि काच पाडता येत नसेल तर ३बी कशासाठी घ्यायची? काउलचा काठ तापवून उचलण्याचा विचार झाला, तो फिटरनेच मोडीत काढला, कारण बॉनेटची बिजागरीही त्याच काठावर आहे. ३बीचं बॉनेट आधीच उंच. तिच्या हरिकेन इंजिनात हवा-इंधन आत घेणारे व्हॉल्व्ह वरती डोक्यात असल्यामुळे विलीजने १९५३ मध्ये ते उंच केलं. त्यामुळे मागची बिजागरी जराशी तिरपी झाली की पुढे ग्रिलपाशी फट बोटभर दिसते. आजही भावाचं बॉनेट डावीकडे टेकतं आणि उजवीकडे तरंगतं.

माझ्या गाडीत तळ जवळजवळ सगळा नवा, चॅनेल नवे, हौद्याचा खालचा हातभर पत्रा नवा. काउल मात्र मूळचं. ते आम्ही कापलं नाही, ठोकलं नाही, फक्त आतून घासून झिंक प्रायमर मारला. त्याच घाटात, तसल्याच पावसात माझा गुडघा कोरडा राहिला. बाकी अंग भिजलं, ते सोडा.

याचा अर्थ तयार बॉडी वाईट असा काढू नका. काळजीने केलेल्या बॉड्या मी पाहिल्या आहेत, आणि भावाच्या बॉडीचा तळ माझ्यापेक्षा कदाचित जास्त टिकेल. त्याला ती गाडी आवडते आणि तो माझ्यापेक्षा जास्त फिरतो. पण बॉडी घेताना सगळे पत्र्याची जाडी विचारतात, काउल सरळ आहे का, हे कोणी विचारत नाही.

कागदांची बाजूही आहे, ती थोडक्यात. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. मात्र अशा नंबरावर गाडी रोजच्या वापराला नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती इतक्यापुरतीच. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको. हुबेहूब त्याच नमुन्याची नवी बॉडी यात कशी धरली जाईल, हे तपासणाऱ्यांवर राहील. ज्यांना कधीकाळी त्या वाटेने जायचंय त्यांनी जुनं शेल भंगारात देण्याआधी थांबावं. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. म्हणजे तयार बॉडी घ्यायचीच तर मूळ मापाची घ्या. फुगवलेले मडगार्ड आणि लांबवलेला हौदा यांचा मोह टाळा. आणि हो, रंग निवडताना लष्करी ऑलिव्ह ग्रीन नको. नियमांनी तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच ठेवलाय, दुकानदार डबा आनंदाने देतो ती गोष्ट वेगळी.

तेव्हा माझ्या मते तरी निर्णय तळ बघून घेऊ नये. तळ सगळ्यांचाच गेलेला असतो आणि तो नवा करता येतो. काउलवर सरळ पट्टी ठेवून बघा. काठ शाबूत असेल, बिजागऱ्यांभोवतीचा पत्रा टिचकीला घट्ट वाजत असेल आणि जवळपास धीराचा मिस्त्री असेल, तर जुनंच ठेवा, वेळ जाऊ द्या. काउलच कुजलं असेल, किंवा कोणी आधी कापून स्टीलच्या पाइपांचं काहीतरी उभं केलं असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. तयार बॉडी मागवा. फक्त मागवताना तुमची काचेची चौकट आणि बॉनेट त्यांच्याकडे पाठवा. ते जमत नसेल तर चौकटीच्या खालच्या काठाचा पुठ्ठ्यावर छाप काढून द्या, आणि काउल पूर्ण वेल्ड न करता नुसतं टॅकवर ठेवून पाठवायला सांगा. आधी काच आणि बॉनेट बसवून बघायचं, मग टाके पूर्ण करायचे. थोडी घासाघीस होते, पण बहुतेक जण तयार होतात.