नेमबाजीच्या सरावासाठी .२२ रिव्हॉल्व्हर की एअर पिस्तूल?

मुंबईत नेमबाजी शिकू पाहणाऱ्यांपैकी अनेकांना .२२ (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रिव्हॉल्व्हरचे आकर्षण असते आणि ते समजण्यासारखे आहे, कारण फिरत्या चक्रातील गोळ्या डोळ्यांना दिसतात आणि यंत्रणा समजायला सोपी असते. मात्र घोडा (गोळीवर आघात करणारा मागचा भाग) आधी अंगठ्याने न चढवता चाप ओढला, तर त्याच ओढीत चक्र फिरते आणि घोडाही चढतो. त्यामुळे चाप जड लागतो आणि नवख्याचा नेम नेमका त्याच क्षणी ढळतो. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार त्यासाठी परवाना लागतो आणि वापरलेली प्रत्येक गोळी नोंदीत राहते.

एकदाच तरफ दाबून हवा भरायचे स्पॅनिश बनावटीचे गामो कॉम्पॅक्ट हे एअर पिस्तूल दिसायला साधे असले, तरी प्रत्येक वेळी हवेचा दाब जवळपास सारखाच मिळत असल्याने छर्रा चुकला, तर दोष बहुधा हाताचाच असतो, आणि शिकणाऱ्याला हेच कळणे सर्वांत मोलाचे वाटते. तरफ दाबून मनगट थकते, ही त्याची खरी उणीव आहे.

मनू भाकर यांनी २०२४मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात पदक मिळवले, त्या १० मीटर एअर पिस्तुलात दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. वरळीच्या रेंजवर सराव सुरू करणाऱ्याने आधी याच वर्तुळावर हात स्थिर करावा. रिव्हॉल्व्हरचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.